चेहऱ्याचे डांबरीकरण

माझ्या सर्व्हिस रेकॉर्डात 'ओळखीची खूण' या रकान्यापुढे 'कपाळावर उजव्या बाजूस जखमेचा जुना वण' असे लिहिलेले आहे. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत बँकेने माझ्या अंगची लेखी मान्य केलेली ही एकमेव विशेष गोष्ट. प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा वगैरे गुणांसाठी त्या फॉर्मात रकाना नाही. तेव्हा वण, व्रण, खड्डे आणि सुरकुत्या पुसून देण्याचा जो धंदा सध्या गल्लोगल्ली निघाला आहे, त्याच्याविषयी मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. मी वणांच्या बाजूचा माणूस आहे. पण त्याहूनही जास्त मी पावतीच्या बाजूचा माणूस आहे. पैसे घेतले की त्याबद्दल काय देणार ते स्वच्छ लिहून द्यावे, एवढा एकच संस्कार बी. कॉम.च्या पदवीने माझ्यावर केला आणि तो अजून पुसला गेलेला नाही.

या धंद्याचे नाव 'लेसर स्किन रिसर्फेसिंग'. रिसर्फेसिंग हा शब्द पुण्यात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आधी रस्ता खरवडायचा, तो काही दिवस तसाच धुळीत ठेवायचा, मग वर नवा थर घालायचा आणि पहिल्या पावसात खड्डे पूर्वीच्याच पत्त्यावर राहायला आले की 'यंदा पाऊसच फार' म्हणायचे. चेहऱ्याची गोष्ट फारशी वेगळी नाही. फरक इतकाच, की इथे कंत्राटदार फक्त खरवडतो. नवा थर घालण्याचे काम तुमचे तुम्हाला करावे लागते. हे मी विनोदाने सांगत नाही. लेसर कातडी नवी करीत नाही. लेसर कातडीला जखम करतो, मोजूनमापून करतो, आणि मग तुमचे शरीर धावाधाव करून ती जखम भरायला घेते. भरता भरता खाली नवे कोलॅजन तयार होते, आणि खड्डा थोडा वर येतो. म्हणजे बिल त्यांचे, मजुरी तुमची.

यंत्रावर माझा राग नाही. उलट अभिमानच आहे. या कामात अजूनही वापरला जाणारा जो कार्बन डायऑक्साइड लेसर, तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी शोधला. हे पटेल जन्मले बारामतीला आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. ऊस आणि राजकारण याखेरीज बारामतीने जगाला काही दिले नाही असे समजणाऱ्यांनी हे टिपून ठेवावे. या किरणाचा स्वभाव असा, की त्याला पाणी दिसले की तो तिथेच थांबतो आणि त्या पाण्याची वाफ करतो. कातडीत पाणी भरपूर. त्यामुळे वरचा थर क्षणात उडून जातो आणि खालच्या थराला धग लागते. १९९०च्या दशकात सबंध चेहराच असा सोलून काढीत. माणूस दोन-दोन आठवडे ओल्या जखमेसारखे तोंड घेऊन घरात बसे, लाली कित्येक महिने जात नसे, आणि काहींच्या तोंडावर पुढे कायमचे फिके पट्टे उमटत. मग २००४ साली नवी युक्ती निघाली. सबंध पृष्ठभाग न खरवडता त्यात बारीक बारीक हजारो भोके पाडायची, अनारशाला जाळी पडते तशी, आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. शाबूत कातडी शेजारची जखम भरून काढते. पुण्यात शेजारधर्म शिल्लक आहे तो आता इतकाच.

इथपर्यंत सगळे शास्त्र आहे आणि शास्त्राला मी नमस्कार करतो. माझे भांडण सुरू होते ते काचेचे दार ढकलून आत गेल्यावर.

माझ्या भाचीच्या गालांवर मुरुमांचे वण आहेत. मुलगी हुशार, नोकरी चांगली, बोलणे माझ्यासारखे (हा दोष आहे हे मान्य). पण दोन स्थळांकडून निरोप आला तो 'मुलगी छान आहे, पण...' असा. या 'पण'च्या पुढे टिंबे असतात आणि त्या टिंबांचे खड्डे मुलीच्या गालावर शोधायचे असतात. ताई तिला घेऊन एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेली. मला सोबत नेले, कारण पैशाचे काही असले की आमच्या घरात बँकवाला बरोबर नेतात, सत्यनारायणाला भटजी नेतात तसा.

तिथे रोग्याला रोगी म्हणत नाहीत, क्लायंट म्हणतात. डॉक्टरच्या आधी 'काउन्सेलर' भेटते. तिने भाचीकडे बघून मान अशी काही हलवली की मुलगी जरा उशिराच आली, तरी आम्ही प्रयत्न करू. मग एक आल्बम आला. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. 'आधी'च्या फोटोतल्या सगळ्या बायका दुःखी, तेलकट आणि ट्यूबलाइटखाली बसलेल्या. 'नंतर'च्या हसऱ्या, पावडर लावलेल्या, समोरून मऊ उजेड पडलेला. वणाचा खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. उजेड समोरून टाकला की सावली नाहीशी, खड्डाही नाहीसा. असले रिसर्फेसिंग आमच्या शिपायालाही येते. तो साहेब यायच्या वेळी फाटक्या कार्पेटवर टेबल सरकवतो.

"किती फरक पडेल?" मी विचारले.

"सर, रिझल्ट खूपच छान आहेत."

"छान म्हणजे किती?"

"सर, प्रत्येकाची स्किन वेगळी असते."

"मग या मुलीच्या स्किनला किती?"

"सर, ते स्किनवर डिपेंड आहे."

कर्ज मागायला आलेल्या माणसाने 'परतफेड किती करणार?' याला 'ते परतफेडीवर डिपेंड आहे' असे उत्तर दिले असते तर आमच्या मॅनेजरने त्याला चहासुद्धा विचारला नसता. पण ताई त्या आल्बमने विरघळली होती. एका सिटिंगचे ९,००० रुपये, सहा एकदम घेतली तर ४५,०००. हप्त्याने द्यायचे असतील तर शून्य टक्के व्याज. शून्य टक्के व्याज ही वस्तू मी इतकी वर्षे बँकेत नोकरी करूनही पाहिलेली नाही. पण फर्निचरच्या दुकानात आणि चेहऱ्याच्या दुकानात ती सर्रास मिळते. मी 'आधी एक सिटिंग करून बघू' म्हणालो. त्यावर काउन्सेलर म्हणाली, "सर, सवलत आजच्यापुरतीच आहे." ताईने कार्ड काढले. सहा पानी इंग्रजी फॉर्मवर सह्या झाल्या. टाइप इतका बारीक, की मला आमच्याच बँकेत आल्यासारखे वाटले.

"घरी किती दिवस बसावं लागेल?" भाचीने विचारले.

"छे! दुपारी या, संध्याकाळी ऑफिसला जा."

हा सगळा प्रकार एप्रिल महिन्यात, पुण्यात.

पुढचे मी भाचीच्या तोंडून ऐकले ते सांगतो. आधी तासभर तोंडाला बधिर करणारे मलम. मग डोळ्यांवर झाकणे. मग गालावर चटके, मुंग्यांची रांग तापल्या तव्यावरून थेट आपल्या तोंडावर उतरावी तसे, आणि एक जळका वास. तो वास आपल्याच तोंडाचा आहे हे कळायला तिला थोडा वेळ लागला. यंत्र डॉक्टरांनी धरले नव्हते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र भिंतीवर रोज असते. डॉक्टर मंगळवारी असतात. घरी आल्यावर ती टेबलफॅनसमोर तोंड धरून रात्रभर बसली. दुसऱ्या दिवशी चेहरा सुजून, भरताला भाजलेल्या वांग्यासारखा. तिसऱ्या दिवशी सबंध गालावर बारीक तपकिरी ठिपके आणि स्पर्श खवणीसारखा. संध्याकाळी ऑफिसला जायचे होते ती आठव्या दिवशी गेली, स्कूटरवरून, भर उन्हात. तोंडाला स्कार्फ बांधून गेली हे खरे, पण पुण्यातल्या सगळ्याच मुली तसा बांधतात, आणि ओढणीच्या कापडातून ऊन गाळून येते, अडत नाही. रोज काय लावायचे, किती वेळा लावायचे, किती आठवडे ऊन टाळायचे हे कोणी तिला नीट सांगितलेच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात खपल्या केव्हाच गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी दोन्ही गालांवर काळसर पट्टे आले होते. खड्डे होते तिथेच होते. आता त्यांना पार्श्वभूमीही मिळाली.

यात दैवाचा काही भाग नाही. अमेरिकेतल्या फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचातज्ज्ञाने १९७५ साली उन्हाला कातडी कशी वागते यावरून तिचे वर्ग पाडले. पुढे ते सहा झाले. भारतातली पुष्कळशी माणसे त्यात चौथ्या-पाचव्या वर्गात येतात. या वर्गाच्या कातडीचा फायदा असा की ती उन्हात सहज भाजत नाही. तोटा असा की तिला अपमान विसरता येत नाही. मुरूम फोडला, भाजले, खरचटले, की ती तिथे काळा डाग ठेवते, आमच्या खातेवहीत लाल शाईने नोंद ठेवीत तशी. लेसर म्हणजे तर हजारो नोंदी एकदम. हे त्वचेचा अभ्यास केलेल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. त्या सहा पानी फॉर्मातही चौथ्या पानावर इंग्रजीत तीन अक्षरे होती, पी. आय. एच. म्हणून. मी वाचली तेव्हा मला वाटले, एखाद्या खात्याचे संक्षिप्त नाव असेल.

आम्ही तक्रार घेऊन गेलो. काउन्सेलर हसली. "मॅम, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह आहे. पण काळजी नको. पिगमेंटेशनचं आपल्याकडे वेगळं पॅकेज आहे."

या वाक्याचा मला राग आला तो अजून उतरलेला नाही. गळक्या नळाच्या प्लंबरने घरात पाणी करून ठेवावे आणि मग पंप भाड्याने देण्याची भाषा करावी, तसे हे.

मग जून महिन्यात मी भाचीला एका रुग्णालयाच्या त्वचा विभागात नेले. लाकडी बाक, केसपेपर, पंख्याचा आवाज. डॉक्टरीणबाईंनी दिवा बाजूने धरला, समोरून नव्हे, आणि गाल बोटांनी ताणून पाहिला. मग केसपेपरच्या मागच्या बाजूला तीन चित्रे काढली. काही वण टोच्याने भोसकल्यासारखे खोल आणि अरुंद. त्यांच्यापुढे लेसर फारसा चालत नाही, तिथे काडीच्या टोकावर आम्ल घेऊन ते आत टेकवतात. काही उथळ, उभ्या काठांचे. त्यांना लेसरचा बरा उपयोग होतो. काही नांगरटीसारखे लाटा आलेले; तिथे कातडी खालून दोऱ्यांनी ओढून धरल्यासारखी असते, ते दोरे आधी सुईने सोडवायचे. भाचीला तिन्ही प्रकारचे होते. कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या? ओठांवर पाण्याचे फोड येतात का? जखम झाली की वण फुगून वर येतो का? काम उन्हातले का? हे सगळे विचारले. काचेच्या दारामागे यातले काहीही कोणी विचारले नव्हते; तिथे मोबाइल नंबर तेवढा दोनदा विचारला होता. "काळेपणा हळूहळू उतरेल, काही महिने लागतील, तोवर लेसरचं नाव काढू नका," त्या म्हणाल्या. "पुढे थंडीत बघू. वण कमी होतील. जाणार नाहीत. आणि कमी झाले की नाही ते शेवटच्या सिटिंगनंतर सहा महिन्यांनी मोजायचं, सहा दिवसांनी नाही." या सगळ्याला नऊ मिनिटे लागली. मी घड्याळ बघत होतो, काउंटरची सवय. नऊ मिनिटांत जी गोष्ट मराठीत सांगता येते ती सहा पानांच्या इंग्रजीत दडवायला किती श्रम पडले असतील!

त्याच बाकावर मुळशीकडची एक बाई बसली होती. साडीच्या पदराने पेट घेतला होता, हनुवटीपासून छातीपर्यंत भाजलेले. जखम भरली, पण भरताना कातडी अशी आखडली की मान खाली ओढली गेली. शस्त्रक्रिया झाली होती, आणि आता तोच बारामतीकरांचा किरण त्या जाड व्रणात भोके पाडून त्याला मऊ करीत होता. तिसरी वेळ होती. भाची तिच्याकडे टक लावून बघत होती, आणि आपण बघतो आहोत हे लक्षात आल्यावर ओशाळली. बाईच म्हणाली, "बघ की, त्यात काय. मला काय गोरं व्हायाचं न्हाई बाई. मान वळली की बास." आणि तिने मान वळवून दाखवली. आधी भिंतीकडे, मग आमच्याकडे. पुरती वळत नव्हती. पण आधी एवढीही वळत नव्हती, म्हणाली. फडताळातला डबा बघायला सबंध अंग फिरवावे लागायचे.

आता माझ्या परिचयात काही थोर माणसे आहेत. त्यांचे म्हणणे, मान वळणे ठीक, पण गालावरच्या चार खड्ड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? सौंदर्य मनाचे असते. मी पाहिले आहे, हे वाक्य बोलणाऱ्याचे गाल नेहमी गुळगुळीत असतात. माझ्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते. तिच्या पिढीत ते इतक्यांच्या तोंडावर होते की त्याबद्दल कोणी बोलत नसे. देवीचा भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, १९७७ साली देश देवीमुक्त जाहीर झाला, आणि त्यानंतरच्या आम्हा सगळ्यांची तोंडे साफ निघाली. साफ तोंडांच्या गर्दीत एका मुलीचा वण उठून दिसतो, तिला तो आरशात दिसतो, पाहुण्यांच्या नजरेत दिसतो. तिने तो कमी करून घ्यावा असे म्हटले तर तो तिचा हक्क आहे. 'मनाचं सौंदर्य' म्हणून तिला गप्प बसवणारे आणि 'गालाचं सौंदर्य' म्हणून तिला लुबाडणारे, हे दोघे मला सारखेच वाटतात. पहिले फुकटात दुखावतात इतकेच.

सुरकुत्यांचे मात्र मी हसण्यावारी नेतो. आमचे निवृत्त हेडकॅशिअर डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या काढून आले. या सुरकुत्या त्यांनी नोटा उजेडाकडे धरून बारीक डोळ्यांनी पारखण्यात कमावल्या होत्या, म्हणजे एका अर्थी बँकेचीच मालमत्ता. काम बरे झाले, हे कबूल करायला हवे. बारीक रेषा लेसरने खरोखर मऊ होतात. सैल पडून लोंबलेली कातडी मात्र तो वर उचलत नाही, आणि तेही त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते. त्यामुळे सध्या त्यांचे डोळे पन्नाशीचे आणि गळा सत्तरीचा आहे. पेन्शनसाठी हयातीचा दाखला आता मोबाइलला तोंड दाखवून काढता येतो. नोव्हेंबरात मोबाइलने आपल्याला ओळखले नाही तर आपण जिवंत आहोत हे कोणाला पटवायचे, या चिंतेने त्यांच्या कपाळावर नव्या आठ्या पडू लागल्या आहेत.

पण मुद्दा असा. महानगरपालिकेच्या रस्त्याच्या कंत्राटातसुद्धा 'दोषदायित्व कालावधी' नावाचे कलम असते. तेवढ्या मुदतीत खड्डा पडला तर कंत्राटदाराने तो स्वतःच्या पैशाने बुजवायचा. तो बुजवतो की नाही हा वेगळा विनोद, कलम आहे. माझ्या भाचीच्या गालाला मनपाच्या रस्त्याइतकाही मान नाही! २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरने जाहिरात करून रोगी ओढू नयेत असे लिहिले आहे. म्हणून फलकावर डॉक्टरचे नाव बारीक आणि एखाद्या नटीचा गाल मोठा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात बसते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ सालचा निकाल आहे. पण गाल दोन छटा काळवंडला हे ग्राहक आयोगापुढे कशाने मोजून दाखवायचे? आणि लग्नाच्या मुलीने आपल्या गालांचे फोटो पुराव्यादाखल तारखेतारखेला घेऊन जायचे? याच भरवशावर हा धंदा चालतो. लाजेला मुदत ठेवीसारखे वापरतात, आणि व्याज त्यांना मिळते.

तुम्ही म्हणाल, लोक काय कुकुली बाळे आहेत? विचारून घेत नाहीत? नाही घेत. आरशाला कंटाळून आलेला माणूस आणि सावकाराला कंटाळून आलेला माणूस, दोघेही कागद वाचत नाहीत. काउंटरच्या अलीकडे बसून मी हे रोज पाहतो. म्हणून तर आम्हाला साध्या सोने तारणाच्या कर्जालाही व्याजाचा दर, दंड, लिलावाची अट हे सगळे गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. सोन्याच्या बांगडीला जे संरक्षण आहे ते गालाला मागितले तर काय चुकले? एक कागद, मराठीत, किमतीचा आकडा जेवढ्या मोठ्या टाइपात तेवढ्याच टाइपात. वण कोणत्या जातीचे. यातले कोणते कमी होतील, कोणते नाहीत. यंत्र कोण धरणार, त्याचे शिक्षण काय. घरात किती दिवस बसायचे. ऊन किती महिने टाळायचे. काळे डाग पडले तर खर्च कोणाचा. आणि सहा सिटिंगचे पैसे पहिल्याच दिवशी घेण्याची चाल बंद. कापड घेताना आपण आधी वीतभर धुऊन बघतो, इथे तर अंगावरचेच कापड आहे.

हे सगळे मी जुलैत त्या क्लिनिकला लिहिले. न झालेल्या पाच सिटिंगचे पैसे परत मागितले, सोबत पावतीची प्रत, तिन्ही आठवड्यांचे फोटो आणि त्या चौथ्या पानाची झेरॉक्स जोडली, पी. आय. एच. या तीन अक्षरांखाली लाल रेघ मारून. पत्र स्पीड पोस्टाने गेले, पोचल्याची नोंद मिळाली. उत्तर पंधराव्या दिवशी ताईच्या मोबाइलवर आले. पाच सिटिंगचे पैसे परत करता येत नाहीत, परंतु ती घरातल्या कोणाच्याही नावावर फिरवता येतील. शिवाय या महिन्यात पावसाळी सवलत चालू असून दोन सिटिंगवर एक मोफत आहे.